बालातिसार : धोक्याच्या लक्षणांचा इतिहास

बालातिसार : अर्भकाच्या मलातील पाण्याचे प्रमाण वाढून शौच नेहमीपेक्षा पातळ व वारंवार होणे, या विकारास बालातिसार म्हणतात. बोली मराठीत त्यास जुलाब, हगवण, ढाळ अशी नावे आहेत. चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौच झाल्यास अतिसार मानावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा संकेत आहे. मात्र केवळ अंगावर पिणाऱ्या अर्भकास तो जसाच्या तसा लागू पडत नाही. अशा अर्भकाचा मल स्वभावतःच मऊ, पिवळसर व दाणेदार असतो आणि दिवसातून अनेक वेळा शौच होणे हे त्याच्या बाबतीत प्राकृत असते. त्याच्या नेहमीच्या स्थितीत अचानक पडलेला फरक हीच त्याच्यापुरती अतिसाराची खूण होय.

अतिसाराने होणारे मृत्यू बहुतांशी शरीरातील पाणी व लवणे निघून गेल्यामुळे घडतात. या अवस्थेस निर्जलीभवन म्हणतात. नवजात अर्भकाच्या वजनाचा सु. तीन-चतुर्थांश भाग पाण्याचा असतो. द्रवांची घट वजनाच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी असेपर्यंत बाह्य लक्षणे फारशी दिसत नाहीत. ५ ते १० टक्के घट झाली असता ती स्पष्ट होतात आणि १० टक्क्यांपलीकडे जीव धोक्यात येतो. पाच किग्रॅ. वजनाच्या बालकाच्या बाबतीत ही शेवटची मर्यादा केवळ अर्ध्या लिटरची आहे. म्हणूनच 'पोट बिघडलेल्या बाळाला डॉक्टरकडे केव्हा न्यावे' हा प्रश्न काही तासांत सोडवावा लागतो आणि तो प्रायः घरातच, मातेला सोडवावा लागतो. या प्रश्नाच्या उत्तराला स्वतःचा इतिहास आहे. गेल्या सु. दोनशे वर्षांत त्यात दोन मोठे पालट झाले : शौचांच्या संख्येऐवजी बालकाच्या एकूण अवस्थेकडे लक्ष वळले आणि ती अवस्था पारखण्याचे ज्ञान रुग्णालयातून घरापर्यंत आणण्याचे प्रयत्न झाले. प्रस्तुत नोंदीत या दोन्ही पालटांचा आढावा महाराष्ट्राच्या, विशेषतः पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात घेतला आहे.

प्राचीन वैद्यक : आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी कौमारभृत्य हे अंग बालकांच्या संगोपनास व रोगांस वाहिलेले आहे. या अंगाचा प्रमुख उपलब्ध ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. नेपाळमध्ये हेमराज शर्मा यांना त्याचे खंडित हस्तलिखित मिळाले आणि मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने १९३८ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच्या सूत्रस्थानातील वेदनाध्यायाचा विषय प्रस्तुत प्रश्नाशी निगडित आहे. बोलू न शकणाऱ्या बालकाची पीडा त्याच्या चेष्टांवरून कशी ओळखावी, हे त्यात सांगितले आहे. पोटशूळ असलेले मूल स्तन सोडून देते, रडते, त्याचे पोट ताठ होते व तोंडावर घाम येतो; अतिसाराच्या पूर्वरूपात अंगाचा वर्ण बदलतो, चेहरा म्लान होतो व झोप उडते, अशी निरीक्षणे त्यात आढळतात. स्तनपानातील अनास्था व म्लान मुद्रा ही लक्षणे आधुनिक तक्त्यांतही निराळ्या शब्दांत आलेली आहेत. तथापि अशा अवस्थेत बालकास पाणी व लवणे किती वेगाने परत द्यावी लागतात, याचे गणित प्राचीन वैद्यकाला उपलब्ध नव्हते.

घरगुती परंपरा : महाराष्ट्रातील घरांत बाळाच्या पोटाची काळजी आजी व सुईण यांच्याकडे असे. मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, बाळहिरडा, सुंठ, जायफळ इ. पदार्थ सहाणेवर उगाळून केलेली गुटी, बेंबीभोवती लावलेला हिंग, वावडिंग घालून उकळलेले पाणी, पोटावर ठेवलेला उबदार कपडा हे परिचित उपाय होत. यांपैकी शेक व चोळणे हे उपाय बेताने केल्यास निरुपद्रवी असतात. गुटीच्या बाबतीत मात्र सहाण, पाणी व हात यांची स्वच्छता आणि मात्रा यांची हमी नसते. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, असा आजचा वैद्यकीय दंडक आहे. जुलाब झाले असता भाताची पेज वा ताक देण्याची रीत वरचे अन्न घेणाऱ्या बालकास हितावह होती, कारण तीत द्रव व पोषण ही दोन्ही मिळत.

याउलट काही समजुती घातक ठरल्या. दात येताना जुलाब होणारच, हा समज त्यांतील सर्वांत दृढ होय. सहा महिन्यांनंतर मूल रांगू लागते, हाती येईल ती वस्तू तोंडात घालते व वरचे अन्न सुरू होते. याच काळात दातही येतात. दोन्ही गोष्टी एकाच वयात घडत असल्यामुळे संसर्गाचा दोष दातांवर गेला व उपचारास विलंब होत राहिला. जुलाब थांबावेत म्हणून पाणी व दूध तोडण्याची रीत निर्जलीभवनास थेट हातभार लावी. मेळघाटासारख्या दुर्गम भागांत फुगलेल्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची प्रथाही आढळली आहे. दुसरीकडे, बाळाची टाळू खोल गेली की ते गंभीर आहे, हे आजीला ठाऊक असे. टाळूवर तेल भरण्याचा उपाय निरुपयोगी असला, तरी लक्षणाची पारख अचूक होती.

वैद्यकीय मदत उपलब्ध नसणे हा या काळातील मोठा अडसर होता. आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांचे पहिले मूल जन्मानंतर दहाव्या दिवशी दगावले. पुरेसे उपचार न मिळाल्याच्या या अनुभवातून त्या वैद्यकाकडे वळल्या व १८८६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथून एम्.डी. झाल्या, असे त्यांच्या चरित्रातून दिसते.

पटकी व लवणद्राव : निर्जलीभवनाचे शास्त्रीय ज्ञान प्रथम पटकीच्या म्हणजेच कॉलऱ्याच्या साथींतून मिळाले [⟶ पटकी]. १८३१-३२ मध्ये ही साथ ब्रिटनमध्ये पोहोचली तेव्हा विल्यम ब्रुक ओशॉनेसी या तरुण वैद्याने रुग्णांच्या रक्ताचे रासायनिक विश्लेषण करून त्यातील पाणी व लवणे घटल्याचे दाखविले. हेच ओशॉनेसी पुढे भारतात आले व येथील तारायंत्रव्यवस्थेचे प्रवर्तक म्हणून प्रसिद्धी पावले. त्यांच्या निष्कर्षावरून स्कॉटलंडमधील लीथ येथील टॉमस लाट्टा यांनी १८३२ मध्ये रुग्णांच्या नीलेत लवणद्राव सोडला. मृतप्राय दिसणारे काही रुग्ण त्यामुळे काही काळ शुद्धीवर आले. परंतु निर्जंतुकीकरणाचे ज्ञान नसल्याने व द्रव पुन्हापुन्हा न दिल्याने ही पद्धत मागे पडली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लेनर्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात संहत लवणद्राव वापरून पटकीचे मृत्युप्रमाण सु. निम्म्यावर आणले. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत डॅनिएल डॅरो यांनी अर्भकांच्या अतिसारात सोडियमाबरोबर पोटॅशियमही घटते हे दाखवून द्रावात त्याचा समावेश केला.

या सर्व पद्धतींना सुई, निर्जंतुक बाटली व प्रशिक्षित व्यक्ती यांची गरज होती. तान्ह्या बाळाची नीला सापडणे कुशल डॉक्टरलाही अवघड जाते. परिणामी, 'डॉक्टरकडे केव्हा न्यावे' याचे शास्त्रशुद्ध उत्तर 'लगेच' असेच राहिले. ज्यांच्या जवळ रुग्णालय नव्हते त्यांच्या दृष्टीने ते उत्तर असून नसल्यासारखे होते.

जलसंजीवनी : १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी लघ्वांत्राच्या अस्तरातून ग्लुकोज व सोडियम यांचे अभिशोषण जोडीने होते, अशी उपपत्ती मांडली. अतिसारातही ही जोडयंत्रणा बहुधा शाबूत राहते आणि सोडियमामागोमाग पाणीही आत ओढले जाते, असे पुढे सिद्ध झाले. तत्पूर्वी १९५३ मध्ये कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी सौम्य पटकीच्या रुग्णांना तोंडावाटे द्रव देऊन बरे केल्याचे प्रसिद्ध केले होते. १९६८ मध्ये ढाका येथे डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश यांनी ग्लुकोज-लवणद्राव तोंडावाटे देऊन नीलेवाटे द्याव्या लागणाऱ्या द्रवाची गरज पुष्कळ कमी होते, हे दाखविले.

या पद्धतीची खरी कसोटी १९७१ मध्ये लागली. बांगलादेशाच्या मुक्तिलढ्यामुळे पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांचे लोंढे आले व छावण्यांत पटकी पसरली. बालरोगतज्ञ दिलीप महालनबीस (१९३४–२०२२) यांच्याकडील नीलेवाटे द्यावयाचा द्राव अपुरा पडू लागला. त्यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांची मिश्रणे तयार करवून, त्यांचा द्राव रुग्णांच्या नातेवाइकांकडूनच त्यांना पाजविला. मृत्युप्रमाण सु. ३० टक्क्यांवरून सु. ३.६ टक्क्यांवर आले. उपचार करणारी व्यक्ती डॉक्टरच असली पाहिजे असे नाही, ती रुग्णाची आईही असू शकते, हा बनगावचा निष्कर्ष बालातिसाराच्या इतिहासात निर्णायक ठरला. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

जागतिक आरोग्य संघटना व यूनिसेफ यांनी १९७५ मध्ये एकच प्रमाणित मिश्रण स्वीकारले. १९८४ मध्ये त्यातील बायकार्बोनेटाऐवजी टिकाऊ सायट्रेट आले. २००२ मध्ये सोडियम व ग्लुकोज दोन्ही कमी केलेले सूत्र शिफारशीत आले. त्यात प्रत्येक लिटरला सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅ., ग्लुकोज १३.५ ग्रॅ., पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅ. व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅ. असते. २००४ पासून त्याच्या जोडीला १० ते १४ दिवस जस्ताच्या गोळ्या देण्याची शिफारस आहे : सहा महिन्यांखालील बालकास दररोज १० मिग्रॅ. व त्यावरील बालकास २० मिग्रॅ. मराठीत या द्रावास 'जलसंजीवनी' हे अन्वर्थक नाव रूढ झाले. पाकीट न मिळाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे व मिठाचा अर्धा सपाट चमचा (चहाचा) घालून घरगुती द्राव करता येतो. मीठ अधिक पडल्यास किंवा एक लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात विरघळविल्यास रक्तातील सोडियम वाढून मेंदूला अपाय होऊ शकतो. म्हणून मापाला औषधाइतकेच महत्त्व आहे.

पाच वर्षांखालील मुलांचे अतिसाराने होणारे जागतिक मृत्यू १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार वर्षाला सु. ४६ लाख होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दिलेला आकडा सु. ४.४ लाख आहे. पाणी, पोषण व लसी यांचाही या घटीत वाटा आहे.

लक्षणांचा तक्ता : द्राव घरी देता येऊ लागल्यावर 'घरचा उपचार कोठवर पुरेसा' हा प्रश्न पुढे आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अतिसार नियंत्रण कार्यक्रमाने (१९७८) त्यासाठी प्रयोगशाळेविना वापरता येईल असा तक्ता तयार केला. आधीच्या तक्त्यांत अश्रू, जीभ व टाळू यांचीही नोंद असे. पुढे चार लक्षणांवर भर देण्यात आला : बालकाची एकूण अवस्था, डोळे, तहान व त्वचा. मूल सावध असून नेहमीप्रमाणे पीत असेल तर घरी उपचार पुरेसे असतात. ते किरकिरे व अस्वस्थ झाले, डोळे खोल गेले, अधाशासारखे पिऊ लागले व पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश पूर्ववत झाली, तर यांपैकी दोन लक्षणे असता दवाखान्यात देखरेखीखाली, चार तासांत दर किग्रॅ. वजनामागे ७५ मिलि. या हिशेबाने द्राव पाजावा लागतो. मूल सुस्त वा बेशुद्ध होणे, पिण्याची शक्ती नसणे, डोळे खोल जाणे, त्वचा पूर्ववत होण्यास दोन सेकंदांहून अधिक वेळ लागणे, यांपैकी दोन लक्षणे असल्यास नीलेवाटे द्रव तत्काळ आवश्यक असतो.

या तक्त्यात शौचांच्या संख्येला स्थान नाही. तसेच डोळ्यांविषयी निर्णय घेताना 'ते नेहमीपेक्षा खोल दिसतात काय' असे आईला विचारावे, अशी सूचना त्यात आहे. काही मुलांचे डोळे मुळातच खोल असतात आणि कुपोषित मुलाची त्वचा निर्जलीभवन नसतानाही सावकाश पूर्ववत होते. बाळाचा नेहमीचा चेहरा कसा असतो, हे मात्र आईलाच ठाऊक असते. अशा रीतीने मातेच्या निरीक्षणाला शास्त्रीय परीक्षेत अधिकृत स्थान मिळाले. पुढे बालरोगांच्या एकात्मिक व्यवस्थापनाच्या पद्धतीत चार सर्वसाधारण धोक्याची लक्षणे निश्चित झाली : पिता किंवा अंगावर ओढता न येणे, घेतलेले सर्व उलटून पडणे, झटके येणे आणि सुस्ती वा बेशुद्धी.

महाराष्ट्रातील प्रयोग : हे ज्ञान घरापर्यंत नेण्याचे काही महत्त्वाचे प्रयोग महाराष्ट्रात झाले. रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये जामखेड (जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. बहुधा निरक्षर असलेल्या ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकवून त्यांच्यामार्फत मीठ-साखरेचा द्राव करण्याची रीत घरोघरी पोहोचविण्यात आली.

चाकण पट्ट्याच्या पूर्वेस, शिरूर तालुक्यात, छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे परिचित असलेले वढू बुद्रुक हे गाव आहे. पुण्याच्या के.ई.एम्. रुग्णालयाने बानू कोयाजी यांच्या नेतृत्वाखाली १९७२ च्या सुमारास येथे ग्रामीण आरोग्यकार्य हाती घेतले. गावातीलच व्यक्तींना प्रशिक्षण देऊन आरोग्य-मार्गदर्शक म्हणून नेमणे हे त्याचे वैशिष्ट्य होय. कोयाजी यांना १९९३ मध्ये मागसायसाय पुरस्कार मिळाला. २००२ पासून परिसरातील गावांची जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची सातत्याने नोंद ठेवणारी यंत्रणा येथे उभी राहिली.

पहिल्या महिन्यातील अर्भकांविषयीचे कार्य गडचिरोलीत झाले. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा सुरू केली व १९९९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युप्रमाणात सु. ६२ टक्के घट आढळली. गावच्या सेविकेने रक्ततपासणीविना जंतुदोष ओळखावा, यासाठी निश्चित केलेल्या लक्षणांत क्षीण रडणे, अंगावर ओढणे कमी होणे, गळून जाणे, अंग थंड किंवा गरम लागणे यांबरोबरच जुलाब, सतत उलटी किंवा पोट फुगणे यांचाही समावेश होता. नवजात बालकात पोटाची तक्रार ही पोटापुरती नसून सर्वांगीण जंतुदोषाची पहिली खूण असू शकते, हे त्यामुळे स्पष्ट झाले. २०११ मध्ये भारत सरकारने 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत घरगुती नवजात बालसेवेचा कार्यक्रम देशभर स्वीकारला.

पिंपरी-चिंचवड व चाकण : या पट्ट्याच्या औद्योगिकीकरणाचा प्रारंभच एका औषध कारखान्याने झाला. जागतिक आरोग्य संघटना व यूनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही शासकीय कंपनी स्थापन झाली व १९५५ पासून पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. प्रतिजैविकांनी अनेक संसर्गांवर विजय मिळविला. परंतु अर्भकांचा पाण्यासारखा अतिसार बहुधा विषाणुजन्य असल्याने त्यावर ती निरुपयोगी असतात. रक्तमिश्रित जुलाब, पटकी व जंतुदोष अशा मोजक्या प्रसंगीच, डॉक्टरांच्या सल्ल्याने, त्यांना स्थान आहे. जुलाब 'बंद' करणारी औषधे अर्भकास देणे धोक्याचे असते, कारण त्यांमुळे आतड्याची हालचाल थांबून पोट फुगते.

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर येथे कारखान्यांची दाट वसाहत उभी राहिली. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका व १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय असा नागरी विकास झाला. २०११ च्या जनगणनेनुसार पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सु. १७.३ लाख होती. १९९० नंतर वाहनउद्योग चाकणकडे सरकला आणि महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी या गावांत भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या. मराठवाडा, विदर्भ, खानदेश तसेच उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेली तरुण कुटुंबे त्यांत राहतात.

या स्थलांतराचा बालातिसाराशी निकटचा संबंध आहे. एका खोलीच्या बिऱ्हाडात आजी नसते. तिच्याबरोबर काही चुकीच्या समजुती मागे राहतात, तशीच टाळू व डोळे पाहून बाळ पारखणारी नजरही मागे राहते. नवरा रात्रपाळीला, शेजारी परभाषी, भरलेले पाणी साठवून वापरायचे, अशा स्थितीत पहिलटकरणीला एकटीने निर्णय घ्यावा लागतो. कंत्राटी कामगाराची एक दिवसाची रजा म्हणजे एक दिवसाची मजुरी. म्हणून दवाखाना 'उद्यावर' जातो व प्रथम औषधांच्या दुकानातून बाटली येते. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची तरतूद २०१७ च्या कायदेदुरुस्तीने बंधनकारक झाली. परंतु लहान कारखाने व घरकाम करणाऱ्या स्त्रिया तिच्या कक्षेबाहेर राहिल्या. लक्षणांचे ज्ञान मातेपर्यंत पोहोचले, तरी त्यावर कृती करण्याची मोकळीक तिला असेलच असे नाही, ही या इतिहासातील अपुरी राहिलेली बाजू होय.

पाण्याचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. २०२५ च्या प्रारंभी पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरात गीयाँ-बारे लक्षणसमूहाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. काही रुग्णांच्या तपासणीत कँपिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित अन्नपाण्यातून पसरणारा सूक्ष्मजंतू सापडला. जुलाब थांबल्यानंतर काही दिवसांनी हातापायांतील शक्ती कमी होऊ लागल्यास तेही तातडीचे लक्षण मानावे लागते, हे त्यावरून लोकांच्या ध्यानात आले.

रोटाव्हायरस व लस : १९७३ मध्ये मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांना अतिसार झालेल्या मुलांच्या आतड्यात चाकासारखा दिसणारा विषाणू आढळला, त्यास रोटाव्हायरस हे नाव मिळाले. १९८० नंतरच्या दशकात दिल्ली येथे महाराजकिशन भान (१९४७–२०२०) व सहकाऱ्यांनी नवजात बालकांत लक्षणे न घडविणारा याचा एक वाण वेगळा केला. त्यापासून तयार झालेल्या 'रोटाव्हॅक' लशीची चाचणी २०११-१२ मध्ये दिल्ली, वेल्लोर व पुणे जिल्ह्यातील वढू परिसर येथील मिळून ६,७९९ बालकांवर झाली. पहिल्या वर्षात रोटाव्हायरसजन्य तीव्र अतिसाराविरुद्ध तिची परिणामकारकता सु. ५६ टक्के आढळली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 'रोटासिल' ही दुसरी लस विकसित केली. २०१६ पासून राष्ट्रीय लसीकरणात ही लस टप्प्याटप्प्याने आली. ती ६, १० व १४ आठवड्यांच्या वयात तोंडावाटे दिली जाते. लशीचे संरक्षण अंशतः असल्यामुळे लक्षणे ओळखण्याची गरज तिने संपत नाही.

अतिसाराखेरीज पोटाचे विकार : सर्वच पोटदुखी अतिसारामुळे नसते. सायंकाळी विनाकारण रडणाऱ्या, परंतु वजन नीट वाढणाऱ्या अर्भकाच्या शूळाची व्याख्या मॉरिस वेसेल यांनी १९५४ मध्ये केली : दिवसात तीन तासांहून अधिक, आठवड्यात तीन दिवसांहून अधिक व तीन आठवड्यांहून अधिक काळ रडणे. हा शूळ सामान्यतः तीन-चार महिन्यांत आपोआप शमतो.

याउलट काही विकारांत शस्त्रवैद्याची गरज असते. दुसऱ्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास दूध पिताच दूरवर उडणारी उलटी होऊन मूल पुन्हा भुकेले होत असेल, तर जठराचे मुख जाड होऊन अरुंद झालेले असू शकते; त्यावर कॉनराट रामश्टेट यांची १९१२ मधील शस्त्रक्रिया आजही आधारभूत आहे. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरला असता बाळ थांबून थांबून किंचाळते, पाय पोटाशी घेते, मधल्या काळात निपचित पडते व पुढे रक्त आणि शेंब मिसळलेला मल होतो. हिरवी उलटी हे आतड्याच्या अवरोधाचे लक्षण समजून तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. दोन आठवड्यांनंतरही कावीळ राहून मल पांढरट होत असल्यास पित्तमार्गाच्या विकाराची शंका घ्यावी लागते. मोरिओ कासाई यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत केल्यास अधिक यशस्वी होते.

वैद्यकीय मदतीचे निकष : वरील इतिहासातून आज सर्वमान्य झालेले निकष असे : दोन महिन्यांखालील बालकास जुलाब, ताप, पोटफुगी वा दूध ओढण्यात मंदपणा असल्यास वाट न पाहता डॉक्टरकडे न्यावे. कोणत्याही वयाच्या अर्भकात पिणे बंद होणे, सर्व उलटून पडणे, मलात रक्त, हिरवी उलटी, ताठ व फुगलेले पोट, सहा ते आठ तास लघवी न होणे, डोळे वा टाळू खोल जाणे, सुस्ती किंवा झटके यांपैकी एकही लक्षण तातडीचे होय. १४ दिवसांहून अधिक चाललेला अतिसार सौम्य वाटला तरी दाखविणे आवश्यक असते. यांपैकी काही नसल्यास अंगावर पाजणे चालू ठेवून, प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलि. जलसंजीवनी चमच्याने द्यावी. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश द्यावी. रुग्णालयात नेतानाही, मूल गिळू शकत असेल तर, वाटेत द्राव देत राहावे. राज्यात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका उपलब्ध होते.

२०१४ पासून देशभर अतिसार नियंत्रण पंधरवडा पाळण्यात येऊ लागला व त्यात 'आशा' कार्यकर्त्यांनी घरोघरी पाकिटे वाटली. तथापि बाजारात साखर अधिक असलेली पेये जलसंजीवनीच्या नावाने विकली जात होती. अशा पेयांनी जुलाब वाढू शकतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने प्रमाणित सूत्र नसलेल्या पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास मनाई केली. दुकानातून पाकीट घेताना त्यावरील घटक व त्यांचे प्रमाण वाचणे, ही बाबही आता मातापित्यांच्या आवश्यक ज्ञानाचा भाग बनली आहे.